पाईपाची तब्येत

जर्मनीतल्या ब्रेमन शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात पाणी फार कमी वापरलं जातं, ही तक्रार घेऊन सोसायटीचे फोक्टसाहेब दारात उभे राहिले, तेव्हा मुक्ताबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तुळस गावाकडची नव्हती. दुकानात भाजीशेजारी एक थोराड पानांचं रोप मिळतं, वासाला तुळशीच्या चुलतबहिणीसारखं. तेच त्यांनी खिडकीत ठेवलं होतं. इथले लोक त्याची चटणी करून खातात, असं बंकटने सांगितलं, तेव्हा "त्यांचं त्यांच्यापाशी" असं म्हणून त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

बंकट मूळचा गेवराईचा. इथल्या डेअरीत दूध थंड करायची यंत्रं दुरुस्त करायचा, आणि गावाकडच्या या दोन बायकांचं बोलणं इकडून तिकडे पोहोचवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबणारा माणूस. फोक्टसाहेबांच्या मागे तो असा उभा होता, जणू तक्रार त्याच्यावरच आहे.

"मावशी, हे विचारायलेत," तो म्हणाला, "तुमी दोघी इथंच ऱ्हाता का?"

"मग दार काय बीडहून येऊन उघडलं का?" आतून जानकीबाई म्हणाल्या. जानकीबाई म्हणजे मुक्ताबाईंच्या दूध संस्थेच्या सचिव. त्यांना प्रश्न विचारला की उत्तरादाखल दुसरा प्रश्न मिळत असे.

"तसं न्हाई. यांच्या कचेरीत मीटर दिसतंय. मीटर म्हनतंय, या घरात कुनी ऱ्हात न्हाई. आसलंच तर एखादं मांजर."

मुक्ताबाई हसल्या. मग त्यांनी फोक्टसाहेबांना न्हाणीघरात नेऊन सगळं समजावून दिलं. टबात बसून तांब्यातांब्याने आंघोळ. ते पाणी टबातच राहतं, त्यात लुगडं निघतं. लुगड्याचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासात. तांदूळ धुतलेलं तुळशीला. त्यांच्या गावी, कवठवाडीत, यालाच संसार म्हणतात.

फोक्टसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते फार सभ्य गृहस्थ होते. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि समजावून सांगता सांगता नळ पुरा सोडला.

मुक्ताबाईंचा हात आपोआप पुढे झाला आणि नळाखाली तांब्या आला. तांब्या भरला. जानकीबाईंनी मागून पातेलं दिलं. पातेलं भरलं, कुकर आला. कुकर भरला, कढई आली. दोघी एक शब्द बोलत नव्हत्या. वर्षानुवर्षं टँकरखाली उभं राहिलेल्या बायकांना त्यासाठी बोलावं लागत नाही. फोक्टसाहेब बोलत होते, बंकट सांगत होता आणि भांडी सरकत होती. भाषण संपलं तेव्हा घरात चहाचा कपसुद्धा रिकामा उरला नव्हता.

"मावशी, ते म्हनतेत, पाईपात पानी साचून ऱ्हायलं की त्यात जंतू होतेत. पाईप आजारी पडतो. म्हनून रोज सगळे नळ पाच-पाच मिनिटं सोडायचे. कायदाच हाय."

"सोडायचे म्हंजी, पानी कुठं सोडायचं?"

"मोरीत."

"आन मग?"

"मग काय न्हाई. जातंय वाहून."

मुक्ताबाईंचा आवाज कधी चढत नसे. तो उतरत असे, आणि जितका खाली उतरे तितकं समोरच्याने सावध व्हावं लागे. त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्यांना सांग, मला जमनार न्हाई."

बंकट बराच वेळ जर्मनमध्ये बोलला. फोक्टसाहेबांनी मान डोलावली, हसून हात मिळवला आणि ते गेले.

"काय सांगितलंस रे?"

"सांगितलं की तुमी आनंदानं करता म्हनून."

*

मुक्ताबाईंना का जमणार नव्हतं, ते सांगायला हवं.

ज्या वर्षी जनावरं छावणीला गेली आणि गोदावरीच्या पात्रात नुसते वाळूचे ट्रक फिरत होते, त्या वर्षी कवठवाडीच्या विहिरीत घागर बुडेना. तेव्हा विहिरीच्या काठावरच्या साती आसरांपुढे, म्हणजे पाणी राखणाऱ्या देवींच्या त्या शेंदूर फासलेल्या सात खड्यांपुढे मुक्ताबाईंनी पदर पसरला होता. जिथं असेन तिथं पाणी वाया घालवणार नाही, आणि तुम्हाला ओंजळभर वाहिल्याशिवाय चहा घेणार नाही. विहिरीला पाणी आलं की नाही, हा वेगळा विषय; शब्द गेला तो गेला. ब्रेमनला आल्यावर त्यांनी पहिल्याच रविवारी नदीकाठचे सात गोल गोटे आणून नळाशेजारी मांडले होते. "आसरांना पासपोर्ट लागत न्हाई," त्या म्हणाल्या होत्या.

आणि त्या इथे आल्या होत्या त्या संस्थेसाठी. कवठवाडीची महिला दूध संस्था छोटी, पण स्वतःच्या पायावर उभी. तिथलं दूध उन्हाळ्यात नासायचं. इथल्या सहकारी डेअरीने दोघींना उन्हाळाभर काम करत शिकायला बोलावलं: दूध थंड कसं ठेवायचं, त्याचं चीज कसं करायचं. गावात सुंदरराव म्हणून पुढारी होते. मोठ्या दूध संघाचे अध्यक्ष तेच, गावच्या पाणी योजनेचे अध्यक्षही तेच. दारोदार नळ बसवून, प्रत्येक नळाला झेंडूचा हार घालून त्यांनी फोटो काढून घेतले होते. हार वाळला तरी नळ ओला झाला नव्हता. ते भर सभेत म्हणाले होते, "बाया जायलेत तर जाऊ द्या. मुदतीआधी रडत माघारी आल्या, तर मग संस्था आमच्या संघात घालायची. कबूल?"

"कबूल," मुक्ताबाई हळूच म्हणाल्या होत्या.

म्हणजे इथून लवकर निघणं शक्य नव्हतं, आणि पाणी मोरीत सोडणंही शक्य नव्हतं.

"आक्का, पाच मिनिटाचा तर प्रश्न हाय," जानकीबाई म्हणाल्या. "डोळे झाकून सोडा. आसरा काय इमानात बसून बगाया येनार हायेत का?"

"आल्यात की," मुक्ताबाईंनी गोट्यांकडे बोट केलं.

मग त्यांनीच तोड काढली. कायदा म्हणतो नळ सोडा. मोरीत सोडा असं कायदा म्हणत नाही, ते फोक्टसाहेब म्हणतात. नळ रोज सोडायचे, पण खाली भांडं धरून. डेअरीतून टाकून दिलेले प्लास्टिकचे मोठे कॅन बंकटकरवी आणवले. मुक्ताबाई नळ सोडून माळ घेऊन बसत. एक माळ ओढून झाली की पाच मिनिटं होत. सगळे नळ होईपर्यंत जपही होई. पाईपाची तब्येत आणि मुक्ताबाईंचं पुण्य, दोन्ही वाढू लागलं.

पण साठवलेलं पाणी जावं कुठे? दोन बायकांना लागून लागून किती लागणार? दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा सोडायचेच. कॅन भरले, टब भरला. मग इमारतीच्या अंगणातली झाडं मुक्ताबाईंच्या नजरेत भरली.

अडचण एवढीच की ब्रेमनला पाऊस बंद होत नव्हता. तो तिथे पडतो असं म्हणण्यापेक्षा राहतो, भाडेकरूसारखा. पण घरातल्या पाण्याचा पावसाशी काय संबंध? रोज कामावरून आल्यावर, डोक्यावर छत्री, हातात कॅन, मागे गुडघे धरत जानकीबाई, अशी वरात लिफ्टने खाली उतरे आणि भर पावसात झाडांना पाणी घाली. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत. लहान मुलांना उचलून दाखवत.

"आक्का, लोक हासायलेत."

"हासू दे. फुकट हाय."

लिफ्टमध्ये पाणी सांडून चिखल व्हायला लागला. मग लिफ्टमध्ये पाणी नेऊ नये अशी पाटी लागली. बंकटने ती वाचून दाखवली आणि तो कपाळाला हात लावून बसला. मुक्ताबाई जिन्याने जाऊ लागल्या. जिन्यात सांडलेलं त्या पदराने टिपत.

*

खरा घोटाळा झाला तो कपिलेमुळे. कपिला म्हणजे मुक्ताबाईंची गाय.

रविवार होता. टबाचा नळ सोडून त्या माळ ओढत बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. फोनच्या पडद्यावर त्यांचे मालक धोंडीराम, त्यांचं अर्धं कपाळ आणि मागे गोठा.

"आगं, कपिला व्याली. कालवड झाली."

"दाखवा की. कपाळ काय दाखवता?"

जानकीबाई धावत आल्या. पडद्यावर ओली, लटपटती कालवड दिसली. ती उठायला बघायची आणि बसायची.

"उभी ऱ्हायली का अजून?"

"बगायलीय. घाई कावून करती? तुज्यासारखी आडमुठी हाय, हुईल उभी."

माळ थांबली होती. पाणी थांबलं नव्हतं. कालवडीने तीनदा गुडघे टेकले, दर खेपेला दोघींनी इकडे श्वास रोखला. शेवटी ती चारी पायांवर उभी राहिली, दोघींनी हात जोडले, आणि त्याच वेळी खालून कुणीतरी काठीने छत ठोकलं.

टब केव्हाच भरून वाहत होता. न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून पाणी खोलीत आलं होतं आणि भिंतीकडेच्या फटीत निवांत उतरत होतं. जानकीबाईंनी धावत जाऊन नळ बंद केला. मुक्ताबाई मात्र बादली घेऊन जिन्याने खाली पळाल्या.

खालच्या घरात लिंडेमान नावाच्या एकट्या बाई राहत. उंच, सडपातळ, केस पुरुषासारखे कापलेले. जानकीबाईंनी त्यांचं लिंडाबाई करून टाकलं होतं. लिंडाबाईंनी दार उघडून बोलायला सुरुवात केली. मुक्ताबाईंना एक अक्षर कळलं नाही, पण बोलण्याचा सूर ओळखीचा होता. भांडणाला भाषा लागत नाही. त्या सरळ आत गेल्या, छतातून धार पडत होती तिच्याखाली बादली धरली आणि मान खाली घालून ऐकून घेऊ लागल्या.

धारेचे थेंब झाले. बादली अर्धी भरली होती. लिंडाबाईंनी ती उचलून मोरीकडे नेली. मुक्ताबाईंनी दुसरी बाजू धरली. लिंडाबाईंनी ओढली. मुक्ताबाईंनी सोडली नाही. दोन वयस्कर बायका एका बादलीला धरून, एकमेकींकडे बघत, खोलीच्या मधोमध उभ्या. शेवटी लिंडाबाईंनी हात सोडला. मुक्ताबाईंनी नमस्कार केला, बादली घेऊन खाली गेल्या आणि पावसात जाऊन ते पाणी झाडाला घातलं.

लिंडाबाई खिडकीतून बघत होत्या. मग त्यांनी फोक्टसाहेबांना फोन लावला.

त्या दिवशी मुक्ताबाई निर्जळी राहिल्या. पाणी सांडलं होतं, आणि ते त्यांच्याच हातून.

*

"मावशी, मीटर आता म्हनतंय की या घरात चाळीस मान्सं ऱ्हातेत," बंकट रडकुंडीला येऊन म्हणाला. "सोसायटीनं सभा बोलावली. घर काढून घेनार. घर गेलं की डेअरीबी ठिवनार न्हाई. मी हात जोडतो, माफी मागा आन म्हना, हितून पुढं पानी मोरीत सोडू."

"माफी मागते की. छताची मागते."

"आन पान्याची?"

"पान्याची कावून मागू? मी पानी वाया घालवनार न्हाई, त्यांना घालवायचं हाय. माफी कुनी मागायची?"

तो म्हणाला, "हिथं तसं चालत न्हाई मावशी. ही सोसायटी म्हंजी सहकारी हाय. सगळं सभेत ठरतंय."

मुक्ताबाईंनी मान वर केली. "सहकारी?"

"व्हय."

"सभासद हायेत? अध्यक्ष, सचिव? विषयपत्रिका?"

"समदं हाय."

मुक्ताबाईंनी जानकीबाईंकडे पाहिलं. जानकीबाई ताठ बसल्या. ज्या सभांमध्ये माइक हिसकावतात, खुर्च्या उचलतात आणि तरीही ठराव मंजूर करून दाखवतात, त्या सभांत दोघींचं निम्मं आयुष्य गेलं होतं. "मग आदी कावून न्हाई सांगितलंस?" मुक्ताबाई म्हणाल्या. "मी उगंच घाबरले."

सभा खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरली. कुणी ओरडत नव्हतं, ऐनवेळी कुणी वीज घालवली नाही, चहासुद्धा शांतपणे आला. "ही कसली सभा," जानकीबाई पुटपुटल्या. "मयताला आल्यासारखं वाटायलंय." विषय एकेक होत गेले. मुक्ताबाईंनी छताची माफी मागितली, जानकीबाईंनी केलेले लाडू लिंडाबाईंच्या हातात दिले. पाण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते शेवटी."

"शेवटी कशाला, मावशी?"

"शेवटचा विषय काय हाय, वाच."

बंकटने वाचलं. "इतर."

"हां. ऐनवेळी येनारे विषय. कुठंबी जा, खरी सभा तिथंच आसती."

तो विषय आला तेव्हा मुक्ताबाई उठल्या. त्यांचा आवाज इतका हळू होता की भाषा न कळणारी माणसंही पुढे वाकून ऐकू लागली. त्या म्हणाल्या, पाईप आजारी पडू नये हे बरोबर. नळ सोडायचे हे बरोबर. पण सोडलेलं पाणी पाहुण्यासारखं असतं. त्याला दाराबाहेर ढकलू नये, बसायला जागा द्यावी. अंगणात एक टाकी ठेवा. ज्यानं त्यानं आपलं सोडलेलं पाणी तिच्यात घालावं. मी मोरीत सोडणार नाही. घर काढून घ्यायचं तर घ्या, जाताना नळ मात्र बंद करूनच जाईन.

"हे सगळं सांगू?" बंकटने घाबरत विचारलं.

"या खेपेला सगळं सांग. मी तुज्या तोंडाकडं बगायलेय."

बंकटने सांगितलं. अध्यक्ष विनयाने म्हणाले की पाहुण्यांना ठराव मांडता येत नाही, सभासद लागतो.

तेव्हा लिंडाबाई उठल्या. बंकटचा चेहरा पडला. पण त्या जे म्हणाल्या ते तो सांगू लागला, तसतसा त्याचा आवाज बदलत गेला. "त्या म्हनतेत, ही बाई ऐकनारी न्हाई, हे मी बादलीच्या वेळंसच वळखलं. पानी माज्या छतातून येन्यापरीस टाकीत गेलेलं बरं. ठराव मी मांडते."

"अनुमोदक?" जानकीबाईंनी विचारलं.

मागून कुणीतरी हात वर केला. तो लिफ्टमध्ये घसरता घसरता वाचलेला माणूस होता. मग बरेच हात वर झाले. जानकीबाईंनी दोन्ही हात वर केले.

"मावशी, आपल्याला मत न्हाई," बंकट कुजबुजला.

"हात तर हायेत," जानकीबाई म्हणाल्या.

*

मुदत पुरी करून दोघी कवठवाडीला परतल्या. वेशीवर सुंदररावांनी मोठं बॅनर लावलं होतं: "परदेशातून ज्ञान घेऊन आलेल्या आमच्या भगिनींचे हार्दिक स्वागत." मुक्ताबाईंचा फोटो बोराएवढा, सुंदररावांचा भोपळ्याएवढा. हरणाऱ्याने स्वागत करायचं, म्हणजे हरणं दिसत नाही, एवढं राजकारण त्यांना येत होतं. संस्था संघात घालायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

घरी आल्यावर मुक्ताबाईंनी दारातला नळ सोडून पाहिला. नळाने एक लांब सुस्कारा टाकला. आत एक कोळी राहत होता, तो बाहेर येऊन बघून गेला. पाऊस गावाकडे याही वर्षी फिरकला नव्हता. गावात पाणी नव्हतं. सुंदररावांच्या मोसंबीच्या बागेत मात्र होतं, आणि योजनेची मोठी पाईपलाईन त्या बागेवरूनच गावात येत होती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

ग्रामसभा पारावर भरली. मुक्ताबाई शेवटपर्यंत गप्प बसल्या. ऐनवेळचे विषय आले आणि त्या उठल्या.

"अध्यक्ष, माजा पाईप आजारी हाय."

लोक हसले. सुंदररावही हसले. "पाईप बी आजारी पडतो व्हय, आक्का?"

"पडतो. पानी खेळलं न्हाई की त्यात जंतू होतेत. रोज नळ सोडावा लागतो. जर्मनीत तसा कायदा हाय. आमी इतके दिस तेच शिकलो. व्हय ना गं?"

"अंगावर काटा येतो ते जंतू आठवले की," जानकीबाई म्हणाल्या. आजवर त्यांनी प्रश्नाशिवाय दिलेलं हे पहिलंच उत्तर.

"आक्का, दुष्काळ हाय. पानीच न्हाई, तर सोडू कशातून?"

"ते मी कसं सांगू? योजना तुमची. मोसंबीला इचारा, तिला ठाव आसंन." मुक्ताबाईंचा आवाज अजून खाली गेला आणि पारावरचे लोक पुढे वाकले. "गावात रोगराई झाली तर जबाबदार कोन, एवढंच लिहून घ्या."

सुंदरराव "असला कायदा बियदा काही नसतो" असं म्हणायला उठले, आणि त्यांची नजर वेशीवर गेली. बॅनर वाऱ्यावर फडफडत होतं. परदेशातून ज्ञान घेऊन आलेल्या. खाली भोपळ्याएवढे ते स्वतःच हात जोडून उभे होते. ते बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत आरडाओरडा झाला. नळांनी आधी खोकून घेतलं, मग गंजाचं लालभडक पाणी आलं. सगळ्या बाया बादल्या घेऊन मुक्ताबाईंच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"आक्का, हे घान पानी तर मोरीत सोडायचं ना?" जानकीबाईंनी विचारलं. "कायद्यानं?"

मुक्ताबाईंनी नुसतं पाहिलं. जानकीबाईंनी मुकाट बादली उचलली आणि दारातल्या लिंबाच्या बुडाशी ओतली. निवळ पाणी आल्यावर मुक्ताबाईंनी पहिली ओंजळ घेतली, नळाशेजारी मांडलेल्या सात गोल, परदेशी गोट्यांवर वाहिली आणि मगच चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. बंकट होता. "मावशी, हे बगा," म्हणून त्याने त्याच इमारतीच्या जिन्यातल्या खिडकीतून फोन खाली धरला. ब्रेमनमध्ये धो धो पाऊस पडत होता, आणि अंगणात लिंडाबाई एका हातात छत्री धरून झाडांना पाणी घालत होत्या.